वायर नव्हे, सांधा जळतो

जुनी गाडी घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्र्यावर टिचकी मारतो, टायर पाहतो. डॅशबोर्डखाली वाकून वायरी पाहणारा विरळाच. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन कधीच थांबलं आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आज कुणाच्या दारात पद्मिनी उभी असेल आणि तिच्या वायरी मूळच्या असतील, तर त्या आता पुष्कळच म्हाताऱ्या झाल्या आहेत. अब्बांची पद्मिनी आमच्या दारात आहे, म्हणून कवितेच्या माणसाला हा विषय शिकावा लागला.

वायर म्हातारी झाली की वरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, आतलं तांबं काळं पडतं. पण मोठा धोका असतो तो सांध्यावर. हिशेब सोपा आहे. ६० वॅटचे दोन हेडलॅम्प १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेतात. वाटेतल्या सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम असला, तरी तिथं १ व्होल्ट खर्ची पडतो आणि १० वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याची जवळजवळ निम्मी धग डॅशबोर्डमागे, सुक्या प्लॅस्टिकला चिकटून! आणि फ्यूज मात्र शाबूत. कारण फ्यूज वाढलेला प्रवाह ओळखतो, सैल सांधा नाही.

म्हणून खरेदीला निघाल्यावर पहिला खर्च करावा तो चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीवर. रॅचेटची पक्कड घ्यावी. दाब पुरा झाल्याशिवाय ती सुटतच नाही. साध्या पक्कडीनं थिंबल चेपलं जातं, पण तारेला घट्ट धरत नाही. प्रत्येक सांधा हातानं ओढून पाहावा. सुटला तर तो टेबलावरच सुटलेला बरा.

थिंबलांना रंगांची भाषा असते. आवरण असलेली लाल थिंबलं साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर वायरीसाठी, निळी १.५ ते २.५ साठी, पिवळी ४ ते ६ साठी. लाल वायरीला लाल थिंबल, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. मोजायची ती तांब्याची जाडी.

वायर अनेक बारीक तारांची, गाडीसाठीचीच घ्यावी. एका जाड तारेची वायर सततच्या हादऱ्यांनी तुटते. नुसतं सोल्डर करून भागवू नये. वितळलेलं शिसं-कथील तारांत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यानं नेमका त्याच्या कडेला मोडतो. चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो. त्याऐवजी गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह वापरावी. अर्थिंगची जागा घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग काढावा. दिवे मंद असण्याचं कारण पुष्कळदा इथंच सापडतं.

फ्यूज वायरीच्या कुवतीप्रमाणे निवडावा. तो वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं, किंवा चांदी गुंडाळणं, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढावं. सगळा जुडगा एकदम उपसू नये. एकेक वायर बदलावी, चिठ्ठी लावावी. शेवटी टर्मिनल जोडून दिवे लावावेत आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्हला टेकवावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर वाटेत कुठंतरी सांधा प्रवाह खातो आहे किंवा वायर बारीक पडते आहे.

हे सारं स्वतः करायलाच हवं असं नाही. पण वायरमनकडे गाडी देताना त्याची पक्कड पाहायला मागावी. दातांनी वायर सोलून, पीळ देऊन पट्टी गुंडाळणारा कारागीर स्वस्त पडतो. मात्र रात्री घाटात, मागच्या सीटवर मुलं झोपलेली असताना दिवे गेले, तर त्या स्वस्ताईची खरी किंमत कळते.