पार्टिंग टूलचा एक मिलिमीटर

सकाळी सहा

जुलैची दहा तारीख. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे वर्सोवा कोळीवाड्यातल्या होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात. मी चहा गॅसवर ठेवते आणि लॅपटॉप उघडते. ज्या कारखान्याचं सॉफ्टवेअर मी बसवते आहे, तिथला रात्रीचा बॅकअप नीट झालाय. ३० जूनला प्रत्यक्ष मोजलेला माल आणि सॉफ्टवेअरमधला माल यांचा ताळाही तयार आहे. दोनशे-अडीचशे ओळी जुळताहेत, एक जुळत नाही: १२ मिलिमीटर गोल पितळी रॉड, रॅकवर १०० किलो कमी.

पितळेचे १०० किलो काही कोपऱ्यात पडून राहत नाहीत. काल संध्याकाळपासून कारखान्यात दबक्या आवाजात एकच शब्द फिरतोय, आणि बोट स्टोअरवाल्या काकांकडे आहे. आजची बाकीची कामं मी पुढे ढकलली ती एवढ्यासाठीच.

साडेसात

वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. साकीनाका गाठायला आता पंधरा-सोळा मिनिटं लागतात. पूर्वी अंधेरीचा पूल आणि कुर्ला रोड या वाटेनं हाच प्रवास कसा व्हायचा, हे ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको.

डब्यात उभ्या उभ्या मी त्या पितळी रॉडपासून बनणाऱ्या पार्टचं बीओएम पुन्हा पाहते. बीओएम म्हणजे बिल ऑफ मटेरियल: एक वस्तू करायला काय काय आणि किती लागतं त्याची यादी. कारखान्याचं कुठलंही सॉफ्टवेअर या यादीवर उभं असतं. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. गिऱ्हाईक किती पंप घेईल याचा अंदाज बांधावा लागतो. पण शंभर पंप करायचे ठरले की बोल्ट किती लागतील याचा अंदाज कशाला, तो हिशेबच करता येतो. या एका विचारातून आधी कच्च्या मालाचं नियोजन आलं, मग त्याला खरेदी, विक्री, पगार, हिशेब जोडत गेले आणि त्या सगळ्याला ईआरपी हे नाव पडलं. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी एसएपी काढली, ती पुढे मोठ्या कंपन्यांची झाली. लहान कारखान्यांना तिचं सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं. म्हणून मला जास्त जिव्हाळ्याचं वाटतं ते याच मेट्रोच्या शेवटच्या टोकाच्या पलीकडचं काम. विद्याविहारच्या फ्रॅपे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट. रुषभ मेहता यांनी ती कंपनी २००८ मध्ये सुरू केली, घरच्या फर्निचरच्या धंद्याचा अनुभव गाठीशी घेऊन. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही उतरवून घ्यावा, वाचावा, आपल्या कारखान्याला हवा तसा बदलावा. आपल्या उपनगरात लिहिलेली गोष्ट जगभरचे लहान कारखाने वापरतात, याचा मला मनापासून अभिमान आहे.

साडेआठ

साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाणी साचलंय. गाळ्याच्या दारात टेम्पो उभा आहे, नवे रॉड आलेत. वजनकाट्यावर वजन, पुरवठादाराच्या चलानशी पडताळणी, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. काका हे सगळं एकटे करतात. वय साठीच्या आसपास, मूळचे संगमेश्वरकडचे. एरवी मला बघितलं की "या मॅडम, चहा सांगू?" म्हणतात. आज नुसती मान हलवली.

"काका, जून महिन्यात १२ एमएमचे रॉड शॉपला किती दिले, ते लिहिलंय कुठं?"

"कॉम्प्युटरमध्ये असेल की."

"कॉम्प्युटरचं मला माहीत आहे. तुमचं सांगा."

त्यांनी टेबलाचा खण उघडून एक लांबट वही काढली. कोणत्या तारखेला, कोणत्या मशीनला, किती रॉड. बॉलपेननं, एकाही दिवसाची खाडाखोड नाही. बेरीज केली: ४८६ रॉड.

सॉफ्टवेअरच्या मते गेले होते ४५१.

साडेनऊ

इथे सॉफ्टवेअर काय करत होतं ते सांगायला हवं, कारण घोळ तिथंच आहे. रॉड किलोवर विकत येतो, शॉपला म्हणजे मशीनवर नगावर जातो आणि बाहेर पडतो तो पीस म्हणून. मधल्या प्रत्येक वेळी स्टोअरमध्ये नोंद करायला माणूस हवा, आणि तो नाही. म्हणून सुरुवातीला सोय निवडली गेली: तयार पीस किती झाले एवढंच टाकायचं, लागलेला कच्चा माल सॉफ्टवेअर बीओएमवरून आपोआप वजा करेल. जूनमध्ये ५०,००० पीस झाले. पीस २५ मिलिमीटर लांब, कापायला २ मिलिमीटर, एकूण २७. तीन मीटरच्या रॉडमधून १११ पीस. ५०,००० ला १११ ने भागा, ४५१ येतात. सॉफ्टवेअरचं गणित बरोबरच होतं. ड्रॉइंगवरून त्याला जे सांगितलं, ते त्यानं केलं.

अकाउंट्समधल्या ताईंचं म्हणणं पडलं, की शॉर्टेजची एक एन्ट्री मारून विषय संपवू या, उद्या ११ तारीख आहे, जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरायचंय. त्यांची घाई खोटी नाही. पण ती एन्ट्री एकदा पडली की कायमची राहते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाचा माग ठेवावाच लागतो, तो बंद करता येत नाही. "स्टोअरमध्ये १०० किलोची तूट" हे वाक्य काकांच्या नावापुढे कायम दिसत राहील. मी नाही म्हटलं. दुपारपर्यंत थांबा.

साडेदहा

ट्रॉब लेथ मशीनजवळ तेलाचा वास आणि पितळेचा चुरा पायाखाली. मी मशीन चालवणाऱ्या दादांकडून ताजे कापलेले पीस घेतले आणि त्यांना व्हर्निअरनं पार्टिंग टूलची जाडी मोजून दाखवायला सांगितली. पार्टिंग टूल म्हणजे तयार पीस रॉडपासून कापून वेगळा करणारं हत्यार.

३ मिलिमीटर.

"ड्रॉइंगला दोन आहे ना, दादा?"

"दोनचं टोक तुटतं, मॅडम. रात्रपाळीला तर दोन-तीनदा. परत घासा, परत सेट करा, त्यात तासभर जातो. तीनचं लावलं की शिफ्ट निघते."

मला यात गैर काही दिसलं नाही. थांबलेल्या मशीनचा एक तास पितळेच्या एका मिलिमीटरपेक्षा महाग पडू शकतो, हे त्यांना रोजच्या कामातून कळलं होतं. मग मी रॉडचं उरलेलं टोक मागितलं. कॉलेटमध्ये धरायला जेवढं लागतं तेवढं दर रॉडला उरतंच: सुमारे ९० मिलिमीटर. बीओएममध्ये या टोकाचा उल्लेखच नव्हता.

आता हिशेब मांडू. ३००० मधून ९० गेले, राहिले २९१०. पीसमागे २७ ऐवजी २८. रॉडमागे १०३ पीस. ५०,००० पिसांना ४८६ रॉड. काकांच्या वहीतला आकडा.

बारा

तरी एक पडताळा राहिला होता, आणि तो केल्याशिवाय मी कुणासमोर बोलणार नव्हते. ३५ रॉड जास्त गेले, एकेक २.८८ किलोचा, म्हणजे शंभर किलो. ते खरंच मशीनवर गेले असतील तर चुऱ्यात आणि टोकांत दिसायला हवेत. ४८६ रॉड म्हणजे साधारण १४०० किलो. तयार पीस १७ ग्रॅमचा, ५०,००० चे ८५० किलो. उरायला हवेत ५५०. जूनमध्ये पुरवठादाराकडे परत गेलेल्या भंगाराच्या चलानांची बेरीज ताईंनी स्वतः केली: ५४५ किलो.

त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि उठून स्टोअरच्या खिडकीशी गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण नंतर दोघांचा चहा एकाच किटलीतून आला.

दीड

डबा. काकांनी आग्रहानं सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मी वर्सोव्याची, मग जवळा वाढू नका असं कसं म्हणणार?

अडीच

निकेल प्लेटिंगला गेलेला माल. शेजारच्या इस्टेटमध्ये जॉबवर्क होतं. माल जातो नगावर, परत येतो वजनावर, कारण प्लेटिंगवाला पीस मोजत बसत नाही. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. त्यामुळे प्रत्येक चलानची परतीची नोंद जोडून ठेवणं भाग आहे. वीस पिसांचं वजन घेऊन सरासरी काढायची आणि त्यावरून नग, एवढी पद्धत ठरवली. तासाभराचं काम.

चार

अहमदाबादची गाडी भरली आहे, ड्रायव्हर घाईत. या कारखान्याची उलाढाल ५ कोटींच्या वर, म्हणून १ ऑगस्ट २०२३ पासून त्यांना ई-इन्व्हॉइस लागतं. बिल सरकारी पोर्टलवर जातं, नंबर आणि क्यूआर कोड घेऊन परत येतं, मगच ते बिल. राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वरचा माल, म्हणजे ई-वे बिलही हवं. ते २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चालतं. पूर्वी ताई हे तीन ठिकाणी टाइप करायच्या. आता विक्रीच्या एका नोंदीतून तिन्ही निघतात. पाच मिनिटांत गाडी हलली.

साडेपाच

शेठच्या केबिनमध्ये. त्यांना मोबाइलवर आलेख हवेत: कोणत्या पार्टवर किती नफा. मी त्यांच्यासमोर एक आकडा ठेवला. या पार्टचा भाव लावताना पितळ धरलं होतं पीसमागे २६ ग्रॅम. लागतं २८. चुऱ्याचे पैसे परत येतात, पण रॉडच्या भावानं नाही. हा फरक गेली कित्येक वर्षं कोटेशनमधून निसटतोय.

शेठ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे दोन एमएमचं टूल सक्तीचं करू?"

"आधी दोन्ही टूलवर एकेक शिफ्ट चालवून बघा, सर. तुटण्यात गेलेला वेळ मोजा. दादांना विचारूनच ठरवा. तोवर बीओएममध्ये २८ आणि टोकाचे ९० टाकते, कारण आज खरं तेच आहे."

दुसरं मागणं मला जास्त महत्त्वाचं होतं. आपोआप वजा करणं बंद करायचं. रॉड जेवढे दिले तेवढे स्टोअरमधून टाकायचे, काकांनी, त्यांच्या हातानं. त्यासाठी त्यांना खिडकीशी एक स्क्रीन आणि वजन उचलायला एक मदतनीस. आणि नोंद झाल्याशिवाय माल हलणार नाही, मागणारा कुणीही असो, अगदी शेठसुद्धा. हे वाक्य शेठच्या सहीनं भिंतीवर लागलं पाहिजे.

मदतनीसाच्या पगारावर ते अडले. मी १०० किलोचा कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्यांनी तीन महिन्यांसाठी हो म्हटलं.

साडेआठ, रात्री

घरी आल्यावर जुनं बीओएम तसंच ठेवून नवं तयार केलं, आजच्या तारखेपासून लागू. जूनच्या फरकाच्या नोंदीत कारण लिहिलं: कापणीची जाडी ३ मिलिमीटर, रॉडचं टोक ९० मिलिमीटर, स्टोअरची वही आणि भंगाराची चलानं यांच्याशी पडताळलेलं. मग काकांच्या स्क्रीनचे रकाने त्यांच्या वहीच्या क्रमानं लावले: आधी तारीख, मग मशीन, मग नग. अक्षरं मोठी, मराठीत. उद्या नऊ वाजता पहिला रॉड त्यांनी टाकायचा आहे.