भावनांचें शहाणपण

मुलगा गणितांत कच्चा राहिला तर घरांतील चार माणसें त्याची काळजी वाहतात. शिकवणी लागते, पाढे पुनःपुन्हा म्हणवून घेतले जातात. परंतु तोच मुलगा खेळांत हरल्यावर पट उधळून देतो, किंवा बहिणीचें कौतुक होतांच पानावरून उठतो, तेव्हां ‘स्वभावच तापट’ एवढें म्हणून आपण मोकळे होतों. गणित शिकवावें लागतें, स्वभाव मात्र जन्माबरोबर येतो, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नव्हे.

१९९० सालीं पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या नांवानें या विषयाचें शास्त्रीय विवेचन केलें. आपल्या व दुसऱ्याच्या मनांतील भाव ओळखणें, त्यांतील भेद जाणणें आणि त्या ज्ञानानें आपल्या विचाराला व आचरणाला वळण लावणें, असा त्यांच्या व्याख्येचा आशय आहे. डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ सालच्या ग्रंथामुळें हा शब्द सर्वतोमुखीं झाला. ही शक्ति बुद्धीहूनही श्रेष्ठ, असा डिंडिम त्यानंतर पुष्कळ वाजला. त्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. तो वाद बाजूस ठेविला तरी, भाव ओळखणें हें अभ्यासानें सुधारणारें कौशल्य आहे, एवढें मान्य करण्यास हरकत नसावी.

पण भाव ओळखणें म्हणजे भाव दाबणें नव्हे. १९९८ सालीं जेम्स ग्रॉस यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत कांहीं जणांना किळस येईल अशी चित्रफीत दाखविली होती. ज्यांनीं केवळ चेहरा निर्विकार ठेविला त्यांची किळस कमी झाली नाहीं. उलट शरीरावरील ताण वाढला. ज्यांनीं समोरच्या दृश्याकडे तटस्थ अभ्यासकाच्या दृष्टीनें पाहिलें, त्यांची किळस मात्र ओसरली. गिळलेला राग पचत नाहीं, असें आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया म्हणतात, त्यांत अनुभवाचें सार आहे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत ८ स्थायी, ८ सात्त्विक व ३३ व्यभिचारी असे एकूण ४९ भाव सांगितले आहेत. त्या तेहतिसांत ‘अवहित्थ’ नांवाचा एक भाव आहे. मनांतलें चेहऱ्यावर दिसूं न देणें, हा त्याचा अर्थ. लज्जा, भय, पराजय यांबरोबरच गौरव, म्हणजे वडीलधाऱ्यांविषयींचा आदर, हेंही त्याचें एक कारण सांगितलें आहे. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांना याचा वेगळा अर्थ सांगावयास नको. सून खालीं मान घालून वाढीत असते, धाकटा भाऊ ‘बरें’ म्हणून उठून जातो, आणि घर समाधानी आहे असें कर्त्या पुरुषास वाटत राहतें.

दुसरा भाव ‘अमर्ष’. विद्येनें, ऐश्वर्यानें किंवा बळानें अधिक असलेल्यानें अपमान केला असतां जो सल उत्पन्न होतो, तो अमर्ष. भरतांनीं क्रोध वेगळा, असूया वेगळी आणि अमर्ष वेगळा मानला. आपण तिघांनाही ‘राग’ या एकाच शब्दाच्या पोत्यांत कोंबतों. मग निदानही चुकतें. धाकटा वाटणी मागूं लागला कीं ‘त्याला पैशाचा लोभ सुटला’ असें ठरतें. पुष्कळदां त्याचें मूळ कधीं काळीं पाहुण्यांदेखत ऐकलेल्या एका वाक्यांत असतें. तें वाक्य बोलणारा विसरलेला असतो, ऐकणारा विसरत नाहीं. कचेरींतही तेंच. चारचौघांत तासला गेलेला कारकून पुढें मुद्दाम कामांत ढिलाई करतो, आणि वरिष्ठ त्याच्या आळसावर उपाय शोधीत बसतात.

योग्य नांव सांपडल्यानें काय होतें? मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, चित्रांतील चेहऱ्यांवरच्या भावाला शब्दानें नांव देतांच पाहणाऱ्याच्या मेंदूंतील अमिग्डाला या भयाशीं निगडित भागाची चळवळ मंदावलेली आढळली. शब्द सुचला कीं मन क्षणभर थांबतें, आणि विवेकाला तेवढा क्षण पुरतो.

हें शहाणपण अधिक कोणाला हवें? आजवर आपण तें सुनेला, धाकट्याला आणि नोकराला शिकवीत आलों. वाल्मीकींनीं तें हनुमंताच्या ठायीं दाखविलें आहे. लंका पेटवून झाल्यावर त्याच्या मनांत येतें कीं याच आगींत सीता सांपडली तर? तो हादरतो, स्वतःच्या क्रोधाला दोष देतो, आणि उसळलेला क्रोध विवेकानें आवरणाऱ्यांना धन्य म्हणतो. त्या क्षणीं त्याला अडविणारा लंकेंत कोणी नव्हता. म्हणूनच त्यानें स्वतःस विचारणें अवश्य होतें. घरांतील कर्ता पुरुष, सासू, शिक्षक, कचेरींतील साहेब यांच्याही क्रोधाला सहसा कोणी अडवीत नाहीं. जबाबदारीचा मोठा वांटा त्यांचाच.

उपाय साधे आहेत. संताप आला कीं बोलण्यापूर्वीं स्वतःस विचारावें: हा क्रोध आहे, कीं भीति, कीं नुसता थकवा? चूक दाखवावयाची ती एकांतांत दाखवावी. जेवणाच्या पंगतींत जुने हिशेब काढूं नयेत. मुलाला ‘रडूं नकोस’ म्हणण्याआधीं ‘कशाचें वाईट वाटलें?’ असें विचारावें, आणि तो सांगत असतां मध्येंच उपदेश करूं नये. जो कधींच तक्रार करीत नाहीं, त्याची विचारपूस आवर्जून करावी.

आपल्या घरांत भांडणें होत नाहींत, याचा पुष्कळांना अभिमान असतो. त्यांनीं एवढेंच पाहावें कीं घरांतील सर्वांत धाकट्या माणसाला सर्वांत वडील माणसासमोर ‘तुमच्या बोलण्यानें मला वाईट वाटलें’ असें निर्भयपणें म्हणतां येतें काय.