पान करपते, पानगी का करपत नाही?

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याकडे कुणाच्या घरी गेलात आणि तव्यावर केळीचे पान दिसले, तर खुशाल समजा, पानगी होते आहे. तांदळाच्या पिठात किसलेली काकडी व मीठ घालून पीठ सैलसर भिजवायचे, पानावर थापायचे, वर दुसरे पान ठेवून दोन्ही बाजूंनी भाजायचे. बाहेरचे पान काळे पडते. उलगडून पाहावे तर आत पांढरीशुभ्र पानगी!

असे का होते? ताज्या पानात बहुतांश पाणीच असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. तव्याची उष्णता आधी त्यातच खर्च होते आणि पाणी असेपर्यंत पानाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. पिठातला स्टार्च तर ७०-८० अंशांनाच फुगून शिजतो. म्हणजे पानगी भाजली जात नाही, वाफवली जाते. मोठ्या माणसांना जवळ बसवून ताज्या आणि वाळक्या पानाचा एकेक तुकडा तव्यावर ठेवून पाहा. आधी धूर कशातून निघतो?

पण पान हवे तर दारात केळ हवी. इथे पाऊस भरपूर, तरी डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते. मार्चनंतर विहिरी आटतात आणि बायकांना दुरून हंडे आणावे लागतात. ते पाणी केळीला कोण घालील? केळीची मुळे उथळ, म्हणून तहान तिलाच आधी लागते. तेव्हा तिची जागा मोरीच्या तोंडाशी! भांडी विसळलेल्या पाण्यावर ती उन्हाळा काढते.

लावायला मुनवा घ्यावा तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा. त्याचा कंद जोमदार असतो. रुंद पानांचा मुनवा दिसायला गोंडस, पण कंद दुबळा.

आणि पाने किती तोडावीत? पान हे झाडाचेही स्वयंपाकघर आहे. केळफूल बाहेर पडले की नवे पान येणे थांबते. असलेल्या पानांवरच घड पोसायचा असतो. त्या वेळी झाडावर निदान आठ पाने राहू द्या. पानगीसाठी बुडाशी आलेले ते रुंद पानांचे मुनवे आहेतच. नाहीतरी ते काढूनच टाकायचे असतात.