चिंच-गुळातलं सीमेवरचं कारलं

कारल्याची भाजी बिघडते ती बहुतेक वेळा धास्तीपोटी. कडू लागेल म्हणून आपण ते खरवडतो, मिठात तासभर दाबून ठेवतो, मूठ आवळून पिळतो आणि उरलेला चोथा तळून ताटात वाढतो. कर्नाटकाच्या सीमेवरच्या बीदर-कलबुर्गीकडच्या घरांत कारल्याला एवढी शिक्षा होत नाही. त्याचा कडूपणा राहू देतात आणि त्याच्या जोडीला चिंच, गूळ, तिखट आणि तिळाचा खमंगपणा देतात.

दाक्षिणात्य कारलं म्हटलं की आपल्यासमोर ओला नारळ आणि कढीपत्ता येतो. ते केरळात आणि किनाऱ्यावर खरं आहे. तमिळ घरांत कारल्याचं पिटलै होतं, त्यात तुरीची डाळ आणि भाजलेल्या धन्या-खोबऱ्याचं वाटण असतं. म्हैसूरकडे चिंच-गुळाचा दाट गोज्जू करतात. बीदर-कलबुर्गी मात्र नारळाचा मुलूख नव्हे. इथे पिकते ज्वारी, तूर, करडई, तीळ. त्यामुळे वाटणात शेंगदाणे, तीळ, कारळे आणि सुकं खोबरं येतं, फोडणीला जुन्या घरांत करडईचं तेल असतं, आणि ताटात भाकरी.

हे वाटण मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल, आणि त्यात नवल नाही. बीदर, कलबुर्गी आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात एकत्र नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हाच वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याणात आणि कलबुर्गीच्या आळंद तालुक्यात आजही मराठी बोलणारी घरं आहेत. मार्गशीर्षातली येळवस (वेळ अमावास्या) सीमेच्या दोन्ही बाजूंना शेतात जाऊनच साजरी होते. कन्नड शेजारीण ज्याला हागलकाई म्हणते, ते मराठी घरातलं कारलंच. भरल्या वांग्याची एण्णेगाई करतात, तिचंच सारण कारल्यातही भरलं जातं. आपल्या सणावारी होणारं पंचामृतही याच कुळातलं.

घरी करायचं तर पाव किलो कोवळी, हिरवीगार कारली घ्या. साल खरवडू नका, फार टोकदार शिरा असतील तर वरून हलकी सुरी फिरवा. पातळ चकत्या करा, निबर बिया तेवढ्या काढा. मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं तर पुरे. सुटलेल्या पाण्याबरोबर थोडा कडूपणा निघून जातो, आणि मिठातलं सोडियम जिभेला उरलेला कडूपणा कमी जाणवू देतं. चकत्यांना मीठ आधीच लागलेलं असतं, म्हणून नंतरचं मीठ बेताने घाला.

आता दोन मोठे चमचे शेंगदाणे, दोन चमचे तीळ, एक चमचा कारळे, दोन चमचे सुकं खोबरं, चमचाभर धने, थोडं जिरं आणि चार-पाच सुक्या मिरच्या वेगवेगळ्या कोरड्या भाजा. सगळं एकदम कढईत टाकलं तर तीळ जळतात आणि शेंगदाणे कच्चे राहतात. गार झाल्यावर पाच-सहा लसूण पाकळ्या घालून भरड वाटा.

पुढची पायरी खरी महत्त्वाची. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याच्या सढळ तेलातल्या फोडणीत चकत्या आधी पूर्ण शिजवून घ्यायच्या. मंद आचेवर त्यांच्या कडा तांबूस होतात आणि मधला भाग बोटाने सहज दबतो, तेव्हाच लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ ओतायचा. चिंच आधी घातली तर आंबटपणामुळे भाजी लवकर मऊ होत नाही, कितीही उकळा. पुष्कळ घरांत कारलं चिवट राहतं ते इथेच. कोळ दोन उकळ्या घेऊ द्या, मग दोन-तीन चमचे गूळ आणि वाटण घाला. रस दाट होऊन कडेला तेल दिसू लागलं की उतरवा.

डाळीची आवड असेल तर वाटीभर शिजलेली तूरडाळ घालून हीच भाजी पातळ करा आणि भाताबरोबर घ्या. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे; मिळाली तर तीच वापरा.

मधुमेहावर कारलं गुणकारी म्हणून उपाशीपोटी पेलाभर रस पिणारे पुष्कळ आहेत. मला हे पटत नाही. कारल्याने साखर उतरू शकते, त्यामुळे गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना असा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि कारल्याच्या भरवशावर औषध तर मुळीच सोडू नये. आणि गूळ घातलेली ही भाजी मधुमेह्यांनी बेतानेच खावी.

फराळाच्या गोड-तळणीने तोंडाला मिठी बसली की भाऊबीजेनंतरच्या एखाद्या दुपारी ही भाजी करा, सोबत गरम भाकरी आणि कच्चा कांदा घ्या. ती दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, तेव्हा करतानाच थोडी जास्त करा.