हवेतला आवाज कुणाचा?

लोणार तालुक्यातल्या बीबीत पोलीस ठाण्यावरून जाताना वायरलेसची खरखर कानावर पडली, मधेच एखादा गाडीचा नंबर ऐकू आला, तर काही गुन्हा होत नाही. पण मागवलेल्या वॉकीटॉकीवर पोलिसांची फ्रिक्वेन्सी लावायची, मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं आणि ग्रुपवर टाकायचं, हे वेगळं. करणाऱ्यांना मात्र मनापासून वाटतं, की लहरी हवेत आहेत, म्हणजे त्या सगळ्यांच्या.

आकाशवाणी सगळ्यांशी बोलते. ठाणं बोलतं ते आपल्या गाडीशी. कायदा हाच फरक धरतो. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे.

‘मी बोललो कुठे, नुसतं ऐकलं!’ हेही टिकत नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यात बिनपरवाना यंत्र जवळ बाळगणंच गुन्हा होतं. घरच्या रेडिओचं लायसन पोस्टात काढल्याचं जुन्या माणसांना आठवत असेल. आणि दुकानात मिळतं म्हणून सगळंच चालतं असंही नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे सेट बिनपरवाना वापरता येतात, पोलिसांची फ्रिक्वेन्सी त्यात बसत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचं कलम १७ सांगतं, की असा संदेश होता एवढंसुद्धा परवानगीशिवाय बाहेर सांगू नये. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले. मृतदेह ओळखू येईनात, म्हणून बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. अशा रात्री वायरलेसवरचं अर्धवट ऐकलेलं एखादं नाव गावात पसरलं, तर त्या घरावर काय ओढवेल?

मग पोलिसांना तरी सगळं मोकळं आहे का? तेही नाही. फोन टॅप करणं हा खासगीपणावरचा घाला आहे, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला कार्यपद्धतीची वेसण घातली. ती पाळली नव्हती, म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं.