शस्त्रं बंद पाडणारं शस्त्र

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात रात्री वीज गेली की आपण पहिलं काय करतो? दारात येऊन शेजाऱ्याला हाक मारतो, "तुमची पण गेली का?" त्याचीही गेली असेल तर कुठं तरी झाड पडलंय, तार तुटलीय, वाट बघायची. आपलीच गेली असेल तर फ्यूज बघायचा, मीटर बघायचा. आणि त्याच शेजाऱ्याशी बांधावरून भांडण चालू असेल तर? तर मनात आणखीही काही येतं. हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. शेवटी तो लागणार आहे.

आजचं शस्त्र काल्पनिक आहे. माणसाला ओरखडाही न काढता ते एखाद्या भागातली सगळी लष्करी यंत्रं निकामी करतं. रडार, क्षेपणास्त्रं, रणगाडे, ड्रोन, सगळं जिथल्या तिथं ठप्प. ऐकल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, "मग चांगलंच आहे की, लढाईच होणार नाही." आमचं म्हणणं याच्या उलट आहे, आणि ते का, हेच आज बघायचंय.

आधी हे स्पष्ट करू या की ही कल्पना अगदीच हवेतली नाही. 9 जुलै 1962 ला अमेरिकेनं प्रशांत महासागरावर, जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, 1.4 मेगाटनाच्या अणुबॉम्बचा स्फोट केला. 'स्टारफिश प्राइम' हे त्या चाचणीचं नाव. तिथून जवळजवळ 1400 किलोमीटरवर असलेल्या हवाईमध्ये रस्त्यावरचे काही दिवे गेले आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक उपग्रह बंद पडले. स्फोटातून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरीनं तारांमध्ये नको तेवढा दाब तयार केला होता. तेव्हाच्या यंत्रांमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. आजच्या चिपा त्यापेक्षा किती तरी नाजूक. अणुस्फोट न करता, सूक्ष्मलहरींच्या झोतानं जवळची ड्रोन पाडणारी यंत्रं तर आता अनेक देशांकडे आहेत. आपण फक्त त्याची पूर्ण ताकदीची आवृत्ती मनात आणतोय.

आता जरा मागे जाऊ. शत्रूचं शस्त्र निकामी करण्याची युक्ती जुनीच आहे. तोफेला बत्ती द्यायचं जे भोक असतं, त्यात लोखंडी खिळा ठोकला की तोफ गप्प. तोफ ओढून न्यायला वेळ नसला की खिळा ठोकायचा आणि निघायचं. पण तोफा गप्प झाल्यावर काय होतं, हे बघायला आपल्याच महाराष्ट्रात एक फार चांगलं उदाहरण आहे. असई. आजच्या जालना जिल्ह्यात.

तारीख 23 सप्टेंबर 1803. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. हाच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. शिंद्यांकडे शंभराच्या आसपास तोफा, कवायती पायदळ आणि कसलेले गोलंदाज. वेलस्लीकडे लढाईला उभे असलेले सैनिक सुमारे साडेचार हजार, तोफा मोजक्या. लढाईला तोंड फुटलं आणि शिंद्यांच्या तोफखान्यानं नेमकं तेच केलं जे आपलं काल्पनिक शस्त्र करेल. समोरचा तोफखाना निकामी केला. गोलंदाज मारले गेले आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तोफा ओढणारे बैल मेले. बैल नाही म्हणजे तोफ जागची हलत नाही. तोफ शाबूत, दारू शाबूत, पण कामाची नाही.

मग वेलस्लीनं काय केलं? थांबला? परत फिरला? नाही. मागं नदी होती, मागं फिरण्यात जास्त धोका होता. त्यानं तोफा तिथंच सोडल्या आणि पायदळाला संगिनी लावून सरळ पुढं घातलं. फार माणसं पडली; त्याच्या फौजेतले एक तृतीयांशाहून जास्त त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. पण लढाई त्यानं जिंकली. यंत्रं बंद पडल्यामुळं लढाई टळली नाही, ती अधिक जवळून आणि अधिक रक्तानं लढली गेली.

असईचा आणखी एक तुकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजांची फळी शिंद्यांच्या तोफांवरून पुढं गेली. तोफा हाती आल्या असं त्यांना वाटलं. तोफांजवळ पडलेल्यांपैकी काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. ते उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. निकामी केलेलं शस्त्र खरंच निकामी झालंय का, हे समजणं अवघड असतं. हे आपल्याला पुढं उपयोगी पडेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुकण्यांचं जव्हार संस्थान चौदाव्या शतकापासून 1948 पर्यंत टिकलं. इतकं लहान राज्य इतकी वर्षं कसं टिकलं? कारणं बरीच असतील, पण आम्हाला वाटतं की त्यातलं एक मोठं कारण इथला घाट आणि इथलं रान हे आहे. जड तोफखाना, घोडदळ, लांबलचक सामानाचा ताफा इथं आपोआपच निकामी व्हायचा. भूगोलच ते शस्त्र होता म्हणा ना. पण कोणासाठी? ज्याचा भार यंत्रावर आणि बाजारबुणग्यांवर, त्याच्यासाठी. जानेवारी 1664 मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि इथल्या राजाला भेटले असं आपल्याकडं सांगतात. हलक्या, चपळ फौजेला हे रान आडवं येत नव्हतं. आणि 1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं, तेव्हा तर त्या रानाची भिंत असून नसल्यासारखी झाली. सगळ्यांची यंत्रं बंद पडली म्हणजे सगळे सारखे झाले, असं होत नाही. ज्याला यंत्राची गरज कमी, तो एकदम वरचढ होतो.

म्हणून आपलं शस्त्र उद्या कोणी तयार केलंच, तर जग त्याच्याभोवती स्वतःला बदलून घेईल. युक्रेनमध्ये हे घडताना दिसलं. रेडिओ लहरी अडवून ड्रोन पाडायला सुरुवात झाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी ड्रोनच्या शेपटीला काचतंतूची बारीक दोरी बांधली. आता लहर नाही, मग अडवणार काय? थोडक्यात, मांजावरचा पतंग. पतंगशहांच्या गावात हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत साध्या फौजांबद्दल बोललो. खरी भीती अण्वस्त्रांच्या बाबतीत आहे. दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर हल्ला करत नाहीत, कारण पहिला घाव सोसूनही दुसरा उलट घाव घालू शकतो, हे दोघांना माहीत असतं. भारताचं 2003 मध्ये जाहीर झालेलं धोरणही यावरच उभं आहे: आपण आधी वापरणार नाही, पण आपल्यावर वापरलं तर जबर प्रत्युत्तर देऊ. आता मध्ये आपलं शस्त्र आणून ठेवा. शेजाऱ्याकडे असं काही आहे ज्यानं आपली क्षेपणास्त्रं जमिनीवरच मरतील, असा नुसता संशय आला तरी सेनापतीच्या मनात काय येईल? आज आहेत तर वापरा, उद्या नसतील. शस्त्र एकदाही चाललेलं नाही, आणि तरी युद्ध जवळ आलं.

अमेरिका आणि सोव्हिएत संघाला हे कळलं होतं, म्हणून 1972 मध्ये त्यांनी क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या यंत्रणांवरच मर्यादा घालणारा करार केला. ढालीवर बंदी! विद्यार्थ्यांना हे नेहमी विचित्र वाटतं. पुढं 1983 मध्ये रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रं निकामी करण्याची योजना मांडली. 1986 मध्ये रेक्याविकच्या भेटीत ते म्हणाले की हे तंत्र आम्ही तुम्हालाही देऊ. गोर्बाचेव्ह यांचं उत्तर साधारण असं होतं: डेअरीची यंत्रं द्यायला तुम्ही तयार नाही, आणि हे देणार? त्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

यावर उपाय म्हणून देश काय करतील? शस्त्रं लपवतील, विखुरतील, समुद्रात नेतील. खारं पाणी अशा लहरींना खोल जाऊ देत नाही, म्हणून पाणबुड्यांचं महत्त्व आणखी वाढेल. पण विखुरलेल्या शस्त्रावर एका हाताचा ताबा ठेवणं कठीण. वरून आदेश येईना झाला तर खालच्या अधिकाऱ्यानं स्वतः ठरवायचं का? हा अधिकार जितका खाली जाईल तितकी चूक होण्याची शक्यता वाढते.

आणि 'फक्त लष्करी यंत्रं' हे तरी कसं जमायचं? लहरीला गणवेश दिसत नाही. मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर येतो. त्या टँकरच्या इंजिनात, तो भरणाऱ्या पंपाच्या पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे. रेशन दुकानातल्या अंगठा घ्यायच्या यंत्रात आहे, आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजमध्ये आहे. नाशिककडचं ओझर आणि देवळाली ही दोन्ही लष्करी दृष्टीनं मोठी ठिकाणं, इथून काही फार लांब नाहीत. तिकडं रोखलेला झोत घाटावरच थांबेल असं कोण सांगेल? माणसाला न मारणारं शस्त्र म्हणायचं, आणि पाड्यावर हंडे रिकामे.

आता सुरुवातीचा प्रश्न. एका रात्री सीमेवरची रडारं काळी पडली. बिघाड आहे, सूर्यावरचं वादळ आहे, की हल्ला? क्षेपणास्त्र आलं तर ते दिसतं, कुठून आलं ते कळतं. 9 मार्च 2022 ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून पाकिस्तानात पडलं. ते निःशस्त्र होतं, कुठून आलं ते उघड होतं, भारतानं दोनच दिवसांत तांत्रिक चूक म्हणून मान्य केलं, आणि प्रकरण तिथं थांबलं. इथं मात्र दिसण्यासारखं काहीच नाही. नुसता अंधार. आणि असईच्या गोलंदाजांसारखी, शत्रूची बंद दिसणारी यंत्रं खरंच बंद आहेत का, हेही सांगता येत नाही.

अशा वेळी एकच करायचं असतं, शेजाऱ्याला हाक मारायची. दोन्ही देशांनी त्याची थोडी सोय केली आहे. लष्करी मोहिमांच्या महासंचालकांमध्ये थेट दूरध्वनी आहे. 1988 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. 1992 पासून हा क्रम चालू आहे. 2005 पासून क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार आहे. यंत्रं आंधळी करणाऱ्या शस्त्राबद्दल मात्र यातल्या एकाही करारात ओळ नाही. आणि ज्या दूरध्वनीवरून "तुमची पण गेली का?" असं विचारायचं, त्याची केंद्रंही याच चिपांवर चालतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.