व्रण लपवू नका, डोळा सांभाळा

कातडीचा वैद्य वेगळा, डोळ्याचा वेगळा. पण रक्तवाहिन्यांचे जाळे एकच. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली दाखविले, की वारंवार तोंड येणे, जननेंद्रियावर व्रण आणि डोळ्यात दाह ही एकाच रोगाची लक्षणे असू शकतात. यात रक्तवाहिन्या सुजतात. नडगीवर दुखऱ्या लाल गाठीही उठतात. डोळ्याच्या पडद्यातील वाहिन्या बंद पडल्या, तर गेलेली नजर सहसा परतत नाही. म्हणून आम्ही कामगार बांधवांना सांगतो: असे व्रण उठत असता डोळा लाल झाला वा अंधुक दिसू लागले, तर नुसते थेंब घालून पाळीवर जाऊ नका. त्याच दिवशी नेत्रवैद्याला गाठा आणि लाज सोडून व्रणांचेही सांगा. दाह आवरणारी औषधे आज आहेत. ती वेळेत मिळाली पाहिजेत. नजर गेली, की हातचे कामही जाते.